लिस्बन पाच दिवसांत, हात राखून: कशाला पैसे द्यावेत आणि कशाला देऊ नयेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: येत्या नोव्हेंबरात आपण उभयता आणि सत्तरीतल्या सासूबाई असे तिघे पाच दिवस लिस्बनला येत आहात. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांचे गुडघे फार साथ देत नाहीत. प्रेक्षणीय स्थळांची यादी काढून बेरीज केली, तर नुसत्या प्रवेशशुल्कातच माणशी १०० युरोंच्या वर खर्च दिसतो आहे, तेव्हा यादीतले काय गाळावे? मी गेली चौदा वर्षे पुण्याहून लहान लहान गट घेऊन या शहरात येतो आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगतो की यादीतून एकेक नाव खोडत बसण्यापेक्षा यादी नव्याने मांडणेच बरे. लिस्बनमध्ये जे सर्वोत्तम आहे त्यातले बरेचसे चर्चमध्ये, चौकांत आणि टेकड्यांच्या कठड्यांवर आहे आणि त्याला तिकीट नाही. उलट ज्यांची तिकिटे सर्वांत महाग आहेत त्यांतल्या काही जागा पाहून निराशा होते. पैसा खरा वाया जातो तो दिवसाची आखणी चुकल्यामुळे, कारण हे शहर चढउतारांचे आहे. दोनदा चुकीच्या बाजूने टेकडी चढली की माणूस दमतो, टॅक्सी करतो आणि समोर दिसेल त्या महागड्या हॉटेलात जेवायला बसतो.

प्रथम प्रवासाचे पाहू. विमानतळावरच मेट्रोची लाल मार्गिका सुरू होते. आलामेदा स्थानकावर हिरवी मार्गिका धरली की आपण थेट रोसिओ किंवा बायशा-शियादू या मध्यवर्ती भागात उतरतो. प्रत्येकाला स्वतःचे ‘नवेगांत’ कार्ड घ्यावे लागते, एका कार्डावर तिघांना जाता येत नाही. कोरे कार्ड ५० सेंटला मिळते आणि त्यात आगाऊ पैसे भरून ठेवण्याच्या सोयीला तिकडे ‘झॅपिंग’ म्हणतात. तेच कार्ड मेट्रो, बस, ट्राम, नदीवरची बोट आणि उपनगरी रेल्वे या सगळ्यांना चालते, आणि चालकाकडून सुटे तिकीट घेण्यापेक्षा ते खूपच स्वस्त पडते. दिवसभराचा पास साधारण ७ युरोंचा असतो, पण तो दिवसाला चारहून अधिक फेऱ्या होणार असतील तरच घ्यावा. आपल्या बाबतीत बहुतेक दिवशी झॅपिंग पुरेल. मुक्कामासाठी माणशी दर रात्री ४ युरो पर्यटक कर द्यावा लागतो आणि तो बहुधा खोलीच्या जाहीर भाड्यात धरलेला नसतो, हेही हिशेबात घ्या.

आता सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी. लिस्बनमध्ये चढ टाळण्याच्या काही फुकट सोयी आहेत, आणि त्या पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही. बायशा या सखल भागातल्या फांकेरुश रस्त्यावर एका साध्या इमारतीच्या दारातून आत गेले की महापालिकेची लिफ्ट आहे. ती आपल्याला वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून दोन मिनिटे चालले की जुन्या बाजाराची इमारत लागते, तिच्या तळमजल्यावर सुपरमार्केट आहे, आणि तिथली दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या टेकडीच्या कडेला नेते. दोन्हींना एक पैसा लागत नाही. पहिल्या लिफ्टसमोर गेलात तर हातात भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई शांतपणे रांगेत उभ्या दिसतील, कारण ही सोय मुळात त्यांच्यासाठीच आहे. त्यांना आधी आत जाऊ द्यावे. शहराच्या दुसऱ्या अंगाला बायशाहून उंचावरच्या शियादू भागात जायचे असेल, तर बायशा-शियादू मेट्रो स्थानकाच्या क्रुसिफिशू रस्त्यावरच्या दाराने आत शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. तिकिटाच्या फाटकापलीकडे जावेच लागत नाही, त्यामुळे कार्डही दाखवावे लागत नाही. सांता जुश्ता या १९०२ सालच्या लोखंडी लिफ्टसाठी जी लांबलचक रांग लागते, तिच्यात उभे राहण्याचे कारणच मग उरत नाही. ती लिफ्ट जिथे पोचवते तो कार्मू चौक वरच्या दारापासून चालत थोड्याच अंतरावर आहे. टेकडीवर चढणाऱ्या जुन्या दोरखंडी गाड्यांच्या भरवशावर बेत आखू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया मार्गावर भीषण अपघात होऊन १६ माणसे दगावली, त्यानंतर त्या बंद ठेवण्यात आल्या होत्या.

पहिला दिवस बायशाला द्यावा, कारण हा भाग समजला तर पुढचे शहर समजते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. मागोमाग नदीतून त्सुनामीची लाट आली आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. आज बायशातले रस्ते काटकोनात आखलेले दिसतात ते मार्किश द पोंबाल या मंत्र्याने त्यानंतर शहर नव्याने उभारले म्हणून. ही पुनर्बांधणी जमिनीखालून पाहता येते आणि तीही विनामूल्य. कोर्रेएरुश रस्त्यावर एका मोठ्या बँकेच्या इमारतीखाली, १९९० च्या दशकात दुरुस्ती चालू असताना, रोमन काळातील मासे खारवण्याची दगडी टाकी सापडली. बँकेने ती जागा तशीच राखली आहे आणि मार्गदर्शकासह ती मोफत दाखवली जाते. मात्र आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. तिथे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पाइन लाकडाचे काळे पडलेले खुंट दिसतात. पोंबालच्या काळात दलदलीच्या जमिनीत असे खुंट ठोकून त्यांवर इमारती उभ्या केल्या, आणि लाकूड सतत पाण्यात राहिले म्हणूनच ते अडीच शतके टिकले. पुस्तकातली चार पाने वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते तो एक खुंट पाहून शिरते. तिथून पाच मिनिटांवर जुन्या सांव जुलियांव चर्चमध्ये पैशाचे संग्रहालय आहे. तेही मोफत असून तळघरात मध्ययुगीन तटबंदीची भिंत आहे, आणि वर एका जाड पेटीत हात घालून सोन्याची खरी वीट उचलून पाहता येते.

त्याच दिवशी संध्याकाळी रोसिओलगतच्या सांव दोमिंगुश चर्चमध्ये जरूर जा. बाहेरून ते साधे दिसते. आत पाऊल टाकल्यावर मात्र माणसे आपोआप बोलायची थांबतात. १९५९ च्या आगीत हे चर्च आतून होरपळले आणि डागडुजी करताना जळक्या खुणा झाकल्या नाहीत. खांबांचे दगड तडकून, ढलपे उडून भाजलेल्या मडक्यासारखे झाले आहेत आणि वर नव्या छताचा नारिंगी रंग आहे. एका खांबावर हात ठेवून पाहिला, तर दगडाची कड बोटांना टोचते. १५०६ सालच्या एप्रिलमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची जी कत्तल झाली तिची सुरुवात इथून झाली. बाहेरच्या चौकात तिचे स्मारक आहे. इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल लोकांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा रोसिओच्या उत्तर टोकाला, आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे त्या जागी होता. ज्या संस्थेचा धाक १५६० पासून गोव्यातल्या घराघरांत होता तिचे मूळ पीठ इथले, हे लक्षात ठेवून त्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी शियादूहून सांव रोक चर्चला जा. संग्रहालयाला तिकीट आहे, चर्चला नाही. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या या चर्चचा दर्शनी भाग इतका सपाट आहे की बरेच जण समोरूनच पुढे जातात. आत डाव्या हाताला सेंट जॉन द बॅप्टिस्टचे उपमंदिर आहे. राजा पाचवा जुआंव याने ब्राझीलच्या सोन्याच्या जोरावर ते १७४२ ते १७४७ या काळात रोममध्ये बांधून घेतले, खुद्द पोपने त्यात प्रार्थना केली, मग ते सुटे करून तीन जहाजांतून लिस्बनला आणले आणि इथे पुन्हा जोडले. निळे खांब लाजवर्द दगडाचे आहेत. भिंतीवरची चित्रे लांबून तैलचित्रे वाटतात, पण जवळ गेल्यावर ती बारीक बारीक रंगीत तुकडे जुळवून केलेली कुट्टिमचित्रे आहेत हे कळते. एवढे पाहून परत फिरू नका. चर्चच्या वस्त्रागारात आंद्रे रैनोझू याने १६१९ च्या सुमारास रंगवलेली २० चित्रांची माला आहे आणि तिचा विषय सेंट फ्रान्सिस झेवियरचे चरित्र हा आहे. १५४१ मध्ये लिस्बनहून निघालेला आणि आज ज्याचे शव जुन्या गोव्यात आहे, तो हा झेवियर. गोव्याला जाऊन आलेल्या प्रत्येक गटातले कोणी ना कोणी या चित्रांपुढे थबकते, आणि याला तिकीट नाही यावर सहजी विश्वास ठेवत नाही.

किल्ला मात्र गाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. सांव जोर्ज किल्ल्याचे तिकीट १५ युरोंच्या पुढे आहे. आज दिसणारे बुरूज आणि तट यांचा मोठा भाग १९४० च्या आसपासच्या जीर्णोद्धाराचा आहे, आणि तिथली मुख्य गोष्ट म्हणजे वरून दिसणारा देखावा. रायगड, प्रतापगड पाहिलेल्या माणसाला त्या तटबंदीत नवे फारसे काही सापडत नाही. देखावा हवा असेल तर बसने ग्रासा टेकडीवर जा. तिथल्या चर्चसमोरच्या कठड्यावरून किल्ला, नदी आणि पूल एका नजरेत येतात, आणि किल्ल्यात उभे राहून किल्ला काही दिसत नाही. खाली सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचे दोन मोठे देखावे आहेत, एकात भूकंपापूर्वीचा राजवाड्याचा चौक आणि दुसऱ्यात ११४७ सालचा किल्ल्यावरचा हल्ला. अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या तिथून उतारावर आहेत, त्या वरून खालीच चालाव्यात.

किल्ल्याचे वाचलेले पैसे मी अल्जूब संग्रहालयाला देईन. कॅथीड्रलच्या मागे असलेल्या या इमारतीत हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैदी ठेवत. जेमतेम मीटरभर रुंदीच्या एकांत कोठड्या तिथे पाहायला मिळतात. मी शेवटचे गेलो तेव्हा तिकीट ३ युरो होते. वसाहतींमधल्या लढ्यांचाही इतिहास तिथे मांडला आहे. याच राजवटीने गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा आणि पुरुषोत्तम काकोडकर यांना लिस्बनच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या पेनिश किल्ल्यात डांबले होते. तो किल्ला आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. आपल्या पाच दिवसांत तिथे जाणे ओढाताणीचे होईल, पण गोमंतकीय वाचकांनी मात्र त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा.

तिसरा दिवस नदीकाठच्या बेलेम भागाचा, आणि तो सोमवार नसावा. कायश दु सोद्रे या नदीकाठच्या स्थानकाहून ट्राम १५ जाते, तीत फार गर्दी असते. त्याच ठिकाणाहून उपनगरी रेल्वे घेतली तर दहा मिनिटांत बसून पोचता येते आणि तेच कार्ड चालते. जेरोनिमोस मठाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यात माणशी १८ युरोंचा प्रश्न आहे. मठ आणि त्याला लागून असलेले चर्च यांची दारे वेगळी आहेत. तिकीट मठाच्या आतल्या चौकाचे असते. चर्चला प्रवेश मोफत आहे, फक्त त्याची रांग वेगळी आहे का हे दारावर विचारावे. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोइंश याची समाधी आहे. गामा १५२४ साली कोचीनमध्ये वारला. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला आणल्या गेल्या आणि १८८० मध्ये इथे आल्या. तसेच पुढे चालत मुख्य वेदीपर्यंत जा. तिथे दोन्ही बाजूंना राजांच्या समाध्या आहेत आणि त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर उभ्या आहेत. हत्तींचे सुळे वेगळे बसवलेले आहेत. हत्ती इथे कुठून आले, याचे उत्तर या इमारतीच्या पायातच आहे. पूर्वेकडच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरील सुमारे ५ टक्के कराच्या पैशातून हा मठ उभा राहिला आणि त्यात मोठा वाटा मिरी-मसाल्यांचा होता. मलबारच्या मिरीचा पैसा त्या दगडांत आहे.

मग मठाच्या चौकाचे तिकीट काढावे का? माझे उत्तर असे: पाच दिवसांत एकच मोठे तिकीट काढायचे असेल तर ते हेच. दुमजली कमानींवर दोरखंड, पोवळी, पाने आणि समुद्री प्राणी यांचे जे कोरीवकाम आहे ते दुसरीकडे पाहायला मिळत नाही. आगाऊ वेळ ठरवून सकाळची पहिली खेप धरा. बेलेमचा बुरूज बाहेरूनच सुंदर दिसतो. आतल्या अरुंद जिन्यासाठी पैसे देऊ नका, आणि सासूबाईंना तर तो झेपणारही नाही. परतताना राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या बागेत उंच खांबावर अफोंसो द आल्बुकर्कचा पुतळा आहे. १५१० मध्ये गोवा जिंकून घेणारा तोच. त्याच्या मुलाने १५२३ मध्ये बांधलेले, दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड बसवलेले घर ‘काझा दुश बिकुश’ अल्फामाच्या पायथ्याशी आहे, ते येताजाता बाहेरून पाहून घ्यावे.

आपण मागच्या एखाद्या प्रवासवर्णनात वाचले असेल की रविवारी दुपारपर्यंत सरकारी संग्रहालये फुकट असतात. ती सवलत आता पोर्तुगालच्या रहिवाशांपुरती झाली आहे, म्हणून तिच्यावर विसंबून रविवार राखून ठेवू नका. लिस्बोआ कार्ड या पर्यटकांच्या प्रवास आणि प्रवेशाच्या कार्डाचेही गणित मांडून पाहा. २४ तासांचे कार्ड ३० युरोंच्या घरात जाते. मठ १८ आणि दिवसभराचा प्रवास ७ धरला तरी बेरीज २५ होते, म्हणजे त्याच दिवशी आणखी एकदोन सशुल्क जागा धावतपळत पाहिल्या तरच कार्ड परवडते. आपल्यासोबत वडीलधारे माणूस आहे, तेव्हा ते घेऊ नका. जवळच्या सिंत्रा गावालाही मी या खेपेस नको म्हणेन. रेल्वेचे भाडे किरकोळ असले तरी मुख्य राजवाड्याचे तिकीट २० युरोंच्या आसपास आहे, वर चढण आहे, आणि नोव्हेंबरात धुक्यामुळे काही दिसत नाही असे दिवस बरेच असतात.

जेवणाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण शाकाहारी माणसाची आबाळ झाली की सगळ्यांच्याच सहलीवर पाणी पडते. आपण दोघे मासे खात असाल तर दुपारी गल्लीतल्या ‘ताश्का’त, म्हणजे छोट्या खाणावळीत, ‘प्रातु दु दिया’ म्हणजे त्या दिवसाचे ताट मागा. १० ते १३ युरोंत पोटभर होते आणि ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धे ताटही मिळते. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात, ते फुकट नसते. नको असेल तर ‘नको’ म्हणून परत पाठवावे, त्यात कोणालाही राग येत नाही. कॉफी काउंटरशी उभे राहून घेतली तर युरोभरात मिळते, बाहेर खुर्चीवर बसलात की भाव वाढतो. सासूबाईंसाठी भाजीचे सूप सुरक्षित समजू नका, त्यात मांसाचा अर्क किंवा सॉसेजचे तुकडे असू शकतात. ‘सें कार्न, सें पेइश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे स्पष्ट सांगा. कॅफेच्या काचेत ‘शामूसा’ दिसेल. तो आपलाच समोसा, पण आत बहुधा मांस असते. त्यांची खरी सोय दोन ठिकाणी आहे. मार्तीम मोनीझ चौकाच्या आसपास भारतीय आणि बांगलादेशी दुकानांत डाळ, तांदूळ, कढीपत्ता, हिरवी मिरची सगळे मिळते, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. रात्रीचा वरणभात घरी झाला की दिवसाला तिघांचे ३०-४० युरो वाचतात. दुसरे म्हणजे लुमियार भागातले राधाकृष्ण मंदिर. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांच्या समाजाने ते उभारले आहे, आणि तिथल्या भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते. नोव्हेंबरात रस्तोरस्ती हातगाड्यांवर मीठ लावून भाजलेले चेस्टनट मिळतात. त्या धुराचा वास चौकभर पसरतो. कागदात बांधून दिलेले गरम चेस्टनट सोलत चालणे सासूबाईंना नक्की आवडेल.

भाषेची धास्ती धरू नका. बाजारात ‘बटाटा’ म्हटले की बटाटाच मिळतो. कोबी, पाव, अननस, चावी, बालदी हे शब्द आपल्याकडे याच भाषेतून आले. ‘पगार’ म्हणजे त्यांच्याकडे पैसे देणे, तेव्हा काउंटरवर तो शब्द ऐकलात तर दचकू नका.

दोन सावधगिरीच्या सूचना. ट्राम २८ मध्ये खिसेकापू हमखास असतात. तिच्यात बसायचेच असेल तर मार्तीम मोनीझच्या रांगेत न थांबता सकाळी लवकर दुसऱ्या टोकाहून, प्राझेरेश दफनभूमीजवळून चढा. दुसरी सूचना पादत्राणांची. इथले पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या लहान चौकोनी दगडांचे आहेत, शतकभराच्या पावलांनी ते गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात साबण लावल्यासारखे निसरडे होतात. माझ्या गटातले एक काका तिसऱ्याच दिवशी घसरून मनगट मोडून बसले होते. खोल खाचांचे रबरी तळ असलेले बूट घ्या, यात काटकसर करू नका.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कायश दु सोद्रेहून कासिल्यासची बोट घ्या. नदी ओलांडायला दहाएक मिनिटे लागतात आणि भाडे बसएवढेच आहे. पर्यटकांच्या नौकाफेरीला त्याच नदीसाठी कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. पलीकडे कॉफी घेऊन सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी परतीची बोट धरा. डाव्या बाजूच्या खिडकीतून लाल पूल आणि मावळतीचा प्रकाश दिसेल, उजव्या बाजूने किल्ल्याची टेकडी आणि अल्फामाची घरे. सासूबाईंना उजवीकडे बसवा, कारण त्या गल्ल्यांतून त्या आधी चालून आलेल्या असतील.